दोन तरटांवरची जवारी

"बाई, माझ्या नातीच्या हातात हा खराटा कुनी दिला?"

धुरपताबाईंनी खराटा माझ्यापुढं टाकला. हातभर लांबीचा, लहान मुठीत मावेल असा मीच बेतून बांधून घेतलेला. मी म्हणाले, कुणी दिला नाही, सारूनं स्वतःच घेतला. उत्तर खरं होतं, पण त्या वेळी देण्यासारखं नव्हतं.

धुरपताबाई साठीच्या. काटक बाई. मानवतच्या वेशीकडच्या वस्तीतली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची. त्यामुळं कुणाशी बोलताना आवाज खाली आणायची त्यांना सवयच नव्हती.

"आमच्या घरानं पिढ्यान् पिढ्या गावची चावडी झाडली," त्या म्हणाल्या. "बाप्तिस्मा घेतला, नात शाळंत घातली, ते खराटा सुटावा म्हणून. आन् तुमी शाळंतबी पुन्ना खराटाच द्यायलाव."

मी त्यांना मांडणी दाखवली. तिथं मणी होते, लाकडी ठोकळे होते, खरखरीत कागदाची अक्षरं होती, छोटे तांबे, छोटी सुपं, चाळण्या होत्या. म्हटलं, मूल यातलं हवं ते उचलतं. सारू मनानंच खराटा निवडते.

"निवडीलच की. तिनं घरात दुसरं काय बघितलंय?"

मी मद्रासला जाऊन मॉन्टेसरीचं ट्रेनिंग घेऊन आले होते. तिथं पुष्कळ प्रश्नांची उत्तरं शिकवली. हा प्रश्न तिथं कुणाला सुचलाच नव्हता.

महायुद्धाची वर्षं होती. मुलूख निजामाचा. मी मूळची नगरकडची, ख्रिस्ती घरातली. मानवतच्या मिशन कंपाउंडात अडीच ते सहा वर्षांच्या मुलांचं बालघर चालवायला मला बोलावलं होतं. बालघर म्हणजे देवळाशेजारची पत्र्याची एक लांबट खोली. देऊळ म्हणजे आमचं चर्च. तिकडं सगळे देऊळच म्हणत.

मॉन्टेसरी म्हणजे काय, हे लोकांना सांगताना माझ्या तोंडाला फेस यायचा. आता सोपं करून सांगते. काम मूल निवडतं, बाई निवडत नाही. ते आपली लहान चटई अंथरतं, त्यावर काम मांडतं आणि मन भरेपर्यंत करतं. दुसऱ्याच्या चटईला हात लावायचा नाही आणि तिच्यावर पाय तर मुळीच द्यायचा नाही. वळसा घालून जायचं, मग ते कुणी का असेना. घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय उठायचं नाही. बाईनं बघत राहायचं आणि अडलं तरच पुढं व्हायचं. बघत राहण्याचा पगार मिळतो, हे तर गावाला मुळीच पटत नव्हतं.

मुलांचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे दाणे निवडणं. एका वाडग्यात ज्वारी, तूर, हरभरा, जवस असं कालवून ठेवायचं. मुलानं एकसारखं ते एकत्र आणायचं आणि निराळं ते निराळं करायचं. दिसायला हे आजीचं काम. पण त्यातून चिमटीला वळण लागतं आणि पुढं पेन्सिल नीट धरता येते. डोळाही तयार होतो. आमच्या मुलांना तर त्याचं वेडच लागलं होतं. एक दाणा चुकीच्या ढिगात दिसला की त्यांना चैन पडत नसे.

हे झालं शाळेचं. दुसरी बाजू देवाची होती, आणि तिथं माझं भांडण वरच्यांशी होतं.

आमच्या वरिष्ठ म्हणजे परभणीच्या मिशनरी बाई. त्यांचं नाव कुणालाच धड उच्चारता येत नसे, म्हणून सगळे मिससाहेब म्हणायचे. मनानं चांगल्या. माझ्या शिक्षणाचा खर्च त्यांनीच उभा केला होता. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या होत्या आणि पुस्तकासारखंच बोलायच्या. दर खेपेला त्यांचा एकच प्रश्न असायचा, मुलांना बायबलची वचनं किती पाठ झाली? मी सांगायची, एकही नाही. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

माझं म्हणणं असं होतं की तूर निवडायला मूल आपलं आपण शिकतं, तर देव तेवढा का तोंडात कोंबायचा? मी मुलांना लाकडी मेंढरं मांडून मेंढपाळाची गोष्ट सांगायची आणि मेंढरं मांडणीवर ठेवून द्यायची. ज्याला वाटेल त्यानं पुन्हा काढावीत. शिवाय आमचा एक शांततेचा खेळ होता. सगळ्यांनी डोळे मिटून अगदी स्तब्ध बसायचं. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एकेकाला कुजबुजून नावानं हाक मारायची. ज्याला ऐकू येईल त्यानं पावलाचा आवाज न करता यायचं. एकदा सारू माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, देव बी असंच हळू बोलावतो काय? मला भरून आलं. मी हे मिससाहेबांना सांगितलं. त्यांनाही भरून आलं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "हे अतिशय सुंदर आहे. परंतु रिपोर्टमध्ये मी काय लिहू?"

आता धुरपताबाई काही एकट्या नव्हत्या. खराटा माझ्यापुढं टाकून त्या तडक गेल्या त्या संतुकरावांकडं, आणि प्रकरण साधं नाही हे मला कळलं ते तिथं. कारण त्या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं.

संतुकराव ओढ्याकडच्या वस्तीतले पंच, जिनिंग फॅक्टरीत मुकादम. उंच, जाडजूड, मिशा पिळलेल्या. ते चालू लागले की समोरचा आपसूक बाजूला व्हायचा. आमची मंडळी या दोन वस्त्यांतून आलेली. गावाच्या लेखी दोघीही वेशीबाहेरच्याच. पण त्यांच्या आपसातही पूर्वीपासून उच्चनीच होतंच, आणि ते बाप्तिस्म्याच्या पाण्यानं पुरतं धुऊन निघालं नव्हतं. देवळात ओढ्याकडचे उजवीकडं बसत, वेशीकडचे डावीकडं. मधून वाट. कुणी ठरवलेलं नव्हतं, आणि कुणी मोडतही नव्हतं.

असे हे दोघे आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एक झाले, आणि ती गोष्ट म्हणजे माझं बालघर बंद करणं. सरकारी शाळेत सगळं उर्दूतून चाले. उर्दू आली तर पोरगं कचेरीत चपराशी तरी होईल, हा संतुकरावांचा हिशेब, आणि तो चुकीचा नव्हता. त्यांचा धाकटा याकोब माझ्याकडंच होता. "पोरगं घरी येऊन तांब्यातून तांब्यात पानी वतायलंय," त्यांनी देवळाच्या पाळकसाहेबांना सांगितलं. "ती खोली रिकामी करा. तितं उर्दूचा मास्तर बसवा." कापणीच्या सणाला मिससाहेब येणारच होत्या. उपासना झाल्यावर मंडळीची सभा घ्यायची आणि खोलीचा निकाल लावायचा असं ठरलं. मिससाहेबांचंही मन वचनांमुळं कच्चं होतं. म्हणजे माझ्या बाजूला पाळकसाहेब दाविदराव तेवढे उरले, आणि ते इतके मऊ होते की ते ज्या बाजूला असत त्या बाजूला त्यांचा काही उपयोग होत नसे.

नोकरी गेली असती तर मी नगरला परतले असते. माझा जीव अडकला होता तो त्या खोलीत. अडीच वर्षांचं मूल पाण्यानं भरलेला तांब्या दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता चालत येतं, तेव्हा त्याच्या तोंडाकडं एकदा बघावं. ते मला सोडवत नव्हतं.

कापणीचा सण म्हणजे काय ते सांगते. सुगी उरकत आली की मंडळीतलं प्रत्येक घर आपल्या शेतातलं किंवा मजुरीत मिळालेलं धान्य देवापुढं आणतं. कुणी ज्वारी, कुणी तूर, कुणी करडई, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. उपासना होते, मग लिंबाखाली त्या मालाचा लिलाव होतो आणि आलेले पैसे देवळाला जातात. आमच्याकडं देवापुढं दोन तरटं अंथरलेली असत. तरट म्हणजे गोणपाटाची मोठी चटई. उजव्या तरटावर ओढ्याकडच्यांच्या टोपल्या, डाव्यावर वेशीकडच्यांच्या. लिलावातही ओढ्याकडच्यांनी उजव्या तरटावरचं घ्यायचं, वेशीकडच्यांनी डाव्यावरचं. एकमेकांच्या घरची जवारी आपल्या जात्यात पडू नये एवढी काळजी. मात्र गाणी सगळे एका सुरात गात.

सणाच्या आदल्या दिवशी मी दाविदरावांकडं गेले. म्हटलं, देऊळ सजवायचं काम मुलांना द्या. गाणं नको, वचन नको. मुलं झाडतील, पुसतील, फुलं ठेवतील. तीच त्यांची प्रार्थना. ते घाबरले. म्हणाले, धुरपताबाईंनी खराटा बघितला तर? मी म्हटलं, उद्या खोली जाणारच असेल, तर जाण्यापूर्वी मुलांनी देवाच्या घरात एकदा मनासारखं काम करावं. मग म्हणाले की त्यांची बालघरातली लेक एस्तेरही येईल, आणि खराटा तिला द्या. ते मऊ होते असं मी वर म्हटलं. तेवढं वाक्य मी मागं घेते.

सकाळी लवकर लोक टोपल्या ठेवून गेले आणि अंघोळीला, कपडे बदलायला घरी परतले. दोन्ही तरटं भरली होती. मी मुलांना घेऊन आत गेले. एस्तेरनं झाडायला घेतलं. कुणी बाकं पुसली. कुणी पितळी तांब्यांत झेंडू ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. मी दाराशी उभी राहिले. बाहेर कोवळं ऊन होतं आणि आत खराट्याचा बारीक आवाज. मला फार बरं वाटत होतं.

सारू आणि याकोब तरटांपाशी उकिडवे बसले होते. सारूनं डाव्या तरटावरच्या टोपलीतला ज्वारीचा एक दाणा उचलला. उजव्या तरटावरच्या टोपलीतला एक उचलला. दोन्ही तळहातावर ठेवून बघितले. याकोबला दाखवले. मग दोघांनी मिळून डावीकडची टोपली उचलली, हळू चालत नेली आणि उजवीकडच्या ज्वारीवर ओतली. एक दाणाही सांडला नाही.

मुलांच्या बाजूनं बघितलं तर सगळं सरळ होतं. मोठ्यांनी काम अर्धवट टाकलं होतं. ज्वारी इथंही होती आणि तिथंही होती. तूर दोन ठिकाणी, तिच्यात हरभरा मिसळलेला, आणि करडईत जवस. एकसारखं ते एकत्र हवं, एवढं साधं मोठ्यांना जमलं नव्हतं. अशी हयगय माझ्या खोलीत कुणी खपवून घेतली नसती. बाकीच्या मुलांना सुगावा लागला तशी तीही आली. छोटी सुपं आली, चाळण्या आल्या.

थांबवायचं तर तेव्हाच थांबवता आलं असतं. एकच टोपली गेली होती. मी एक पाऊल पुढं टाकलंही. पण सांगणार काय होते? ही ज्वारी आणि ती ज्वारी एक नाही? सारूनं विचारलं असतं, कशी न्हाई? ती दाणा हातात धरून विचारणारी पोर होती. मला तिच्या डोळ्यांत बघून सांगावं लागलं असतं की हा दाणा तुझ्या घरचा आणि तो त्याच्या घरचा, म्हणून ते वेगळे. आणि ते देवापुढं उभं राहून. बालघर वाचवायचं म्हणून मी ते सांगितलं असतं, तर मग वाचवलेल्या बालघरात शिकवणार काय?

मी पाऊल मागं घेतलं. खोली गेली तर गेली, असं मनाशी म्हटलं आणि खरं सांगते, एकदम हलकं वाटलं.

लोक येऊ लागले तेव्हा निम्मं काम झालं होतं. पहिल्यांदा संतुकराव आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. सरळ मधल्या वाटेनं आपल्या उजव्या जागेकडं निघाले. पुढं काय आहे ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. सवयीनं पाय पुढं पडत होते. डाव्या तरटाचा एक कोपरा त्या वाटेत आला होता. त्यांचा पाय त्यावर पडणार, तोच सारूनं मान वर केली.

"आबा, वळसा घालून जावा. काम चालू हाय."

आवाज चढा नव्हता. बालघरात सगळे एकमेकांना जसं सांगत तसंच तिनं सांगितलं. संतुकरावांचा पाय हवेतच राहिला. वेशीकडच्या कुणीही त्यांना आजवर वाट बदलायला सांगितलं नव्हतं. त्यांनी खाली बघितलं. सारूनं केव्हाच मान खाली घातली होती आणि ती तुरीतून हरभऱ्याचे दाणे काढत होती. तिच्या शेजारी त्यांचाच याकोब सूप धरून बसला होता. तोही बापाकडं बघायला तयार नव्हता.

संतुकरावांनी पाय मागं घेतला आणि तरटाला वळसा घातला. उजवीकडं मुलं सुपं पसरून बसली होती, म्हणून वळसा घालायचा तर डावीकडून जावं लागत होतं. ते वेशीकडच्या बायकांच्या पुढून, धोतर सावरत, पाय जपून टाकत गेले. त्या बायकांत धुरपताबाई नुकत्याच येऊन बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला. खांदे हलत होते. मी समजले, बाई रडत नाहीत.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. कुजबुज सुरू झाली. आमची टोपली कुठं? आमची ज्वारी कुठली? दाविदरावांचा चेहरा पांढराफटक पडला. मिससाहेब माझ्याजवळ आल्या.

"हे कार्य कोणी सांगितले?"

मी म्हटलं, कुणीच नाही. त्यांना ते अपुरं दिसलं, म्हणून पुरं करताहेत.

"आता हे वेगळे करता येईल का?"

"नाही, मिससाहेब. आता कुणालाच येणार नाही."

उपासनेची वेळ झाली होती. घंटा द्यायची तर मुलांना उठवावं लागलं असतं. दाविदरावांनी माझ्याकडं बघितलं, मुलांकडं बघितलं, आणि घंटेची दोरी सोडून पहिल्या बाकावर जाऊन बसले. पाळकच बसले म्हटल्यावर बाकीचे काय करणार? तेही बसले. देऊळभर माणसं मुलांचं काम संपायची वाट बघत होती. पहिल्यांदा घुश्शात बघत होती, मग नुसतीच. सुपातून दाणे सरकल्याचा आवाज तेवढा येत होता. आमच्या देवळात एरवी लहान मुलांना गप्प करण्यात निम्मी उपासना जायची. त्या दिवशी मुलांनी मोठ्यांना गप्प बसवलं होतं.

शेवटी जवस राहिलं. बारीक दाणा, कंटाळवाणं काम. मिससाहेब हॅट काढून खाली बसल्या आणि दोन-चार दाणे वेचून ढिगावर ठेवले. एस्तेरनं त्यातला एक उचलून त्यांना परत दिला. तो करडईचा होता. मिससाहेबांनी "क्षमा असावी" म्हणून तो जागच्या जागी ठेवला.

काम झालं. मुलांनी सुपं झटकली, रिकाम्या टोपल्या भिंतीशी लावल्या आणि आपापल्या आयांजवळ जाऊन बसली. पुढं एक पांढरा ढीग, एक तांबूस, एक हरभऱ्याचा, एक करडईचा, एक जवसाचा. दाविदरावांनी घंटा दिली. दर वर्षी कुणी काय आणलं ते नावानिशी वाचून आभार मानायची पद्धत होती. त्यांनी कागद खिशातच ठेवला आणि सगळ्या ढिगांसाठी एकदमच आभार मानले. उपासना लवकर संपली.

खरं घोडं अडलं ते लिलावात. लिंबाखाली तरटं ओढून आणली. दाविदरावांनी ज्वारीच्या ढिगाकडं हात केला आणि बोली विचारली. कुणी हूं की चूं करेना. घ्यायची तर तिच्यात त्यांची ज्वारी, न घ्यावी तर आपलीही पडून राहणार. बाया लुगड्याचे काठ चाचपत राहिल्या. पुरुष लिंबाच्या फांद्या न्याहाळू लागले. दाविदरावांनी दुसऱ्यांदा विचारलं. मला वाटलं, संपलं. आता ज्वारी पडून राहणार, सभा माझ्यावर घसरणार आणि संध्याकाळपर्यंत माझी ट्रंक बांधून होणार.

"मी घेते," मागून आवाज आला.

धुरपताबाई उठून पुढं आल्या. त्यांच्या वस्तीतलं कुणीतरी हळूच म्हणालं की माय, त्यात त्यांची बी हाय.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "माझ्या नातीनं निवडलेली जवारी हाय. जी पोरगी संतुकरावाला वळसा घालाया लावती, तिच्या हातची भाकर मी खानार."

सगळी मंडळी हसली. दोन्ही बाजूंची. संतुकरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठले. मला वाटलं, चालते होणार. ते म्हणाले, "तिनं एकटीनं निवडली काय? सूप माझ्या याकोबानं धरलं व्हतं. माझी बोली वर."

धुरपताबाईंनी चढवली. संतुकरावांनी आणखी चढवली. बाई मागं हटायला तयार नव्हत्या आणि मुकादमाला तर मागं हटता येतच नव्हतं. दोन वस्त्यांनी एकाच ढिगावर बोली लावायची ही पहिलीच वेळ. लोक रंगात आले. ओढ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं तर चुकून धुरपताबाईंना शाबासकी दिली. शेवटी भाव बाजारापेक्षाही वर गेला, तेव्हा दाविदरावांनी हात जोडले. म्हणाले, देवळाला नको झाले इतके पैसे, आता अर्धी अर्धी घ्या.

"घेते," धुरपताबाई म्हणाल्या. "पर मापून द्या. शिगोशीग."

पायलीनं मापणं सुरू झालं. एक पायली त्यांना, एक ह्यांना. मापणारा एक, पण पोत्याचं तोंड उघडं धरायला दुसरं माणूस लागतं. जवळ होतं कोण? धुरपताबाईंचं पोतं संतुकरावांनी धरलं आणि संतुकरावांचं धुरपताबाईंनी. दोघांनीही एकमेकांचं माप नीट पडतंय की नाही हे डोळ्यांत तेल घालून बघितलं. मी लिंबाला टेकून उभी होते. हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

सभा ठरल्याप्रमाणं झाली. संतुकरावांनी उर्दूच्या मास्तराचा विषय काढला, कारण काढतो म्हणून सांगितलं होतं. मास्तर हवाच होता, मोठ्या मुलांना त्याची गरज होती. तो व्हरांड्यात बसेल असं ठरलं. मग बालघराचं काय, असं मिससाहेबांनी विचारलं. सगळ्यांनी धुरपताबाईंकडं बघितलं. त्या मांडीवर झोपलेल्या सारूच्या केसांतला धान्याचा कोंडा काढत होत्या.

"शाळा ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "खराटा बी ऱ्हाऊ द्या. पर पाळकाच्या लेकीनं आज मारला तसा रोज मारला पायजे. माझ्या एकटीच्या नातीनं न्हाई."

एस्तेर तर रोजच झाडत होती. पण हे मी तिथं बोलले नाही. मागून मात्र मी मांडणी बदलली. खराट्यापुढं अक्षरं ठेवली, डोळ्यांना आधी तीच दिसतील अशी. सारूनं आणखी थोडे दिवस खराटाच उचलला. मग अक्षरं उचलली ती खाली ठेवलीच नाहीत. धुरपताबाईंचं जे म्हणणं होतं की मूल बघितलेलंच निवडतं, ते मला मद्रासच्या ट्रेनिंगइतकंच पुढं उपयोगी पडलं.

मिससाहेबांनी रिपोर्टमध्ये काय लिहिलं ते मला माहीत नाही. परभणीला परत जाताना बैलांच्या दमणीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "पुढील वर्षी निदान एक वचन?" मी म्हटलं, मुलं निवडतील ते. त्या हसल्या आणि दमणी निघाली.

पुढच्या कापणीच्या सणाला मी सकाळी देवळात गेले तर पुढं एकच तरट होतं. दोन्ही वस्त्यांच्या टोपल्या त्यावर, एकीला एक लागून. संतुकराव तिथंच तरटाच्या सुरकुत्या काढत होते. मी म्हटलं, पंच, हा मोठा पालट झाला. त्यांनी माझ्याकडं नवलानं बघितलं.

"पालट कसला, बाई? पोरं तसंबी कालवनारच. मंग दोन तरटं कशाला झटकायची?"

पुढं नोकरीत मी समतेवर आणि बंधुत्वावर पुष्कळ भाषणं ऐकली. काही स्वतःही केली. माणसाला पटलं की तो बदलतो, असं त्यात सांगितलेलं असतं. मानवतचा माझा अनुभव जरा निराळा आहे. लहान मुलांनी एकदा नीट घोटाळा घालून ठेवला, की तो निस्तरत बसण्यापेक्षा त्यालाच रीत म्हणून टाकणं मोठ्यांना सोपं जातं.